किती धूर, किती वर्षं

डिझेलच्या धुराने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो का, हा प्रश्न जून २०१२ मध्येच निकालात निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेने डिझेल इंजिनाच्या धुराला गट १ मध्ये टाकलं. माणसाला कॅन्सर होतो असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. त्याआधी १९८८ पासून हा धूर २-अ मध्ये, म्हणजे ‘बहुधा करतो’ या गटात होता.

तरी मुंबईत डेपोच्या पिटमध्ये (गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यात), ट्रकच्या गॅरेजात किंवा न्हावाशेव्याच्या ट्रेलरच्या रांगेत हा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘अख्खी मुंबईच धूर खाते, त्यात काय एवढं’. दुसरं, ‘डिझेलमध्ये आयुष्य गेलं, आता काय व्हायचं ते होईल’. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो: कोणी हिशेब करत नाही. गट १ एवढंच सांगतो की पुरावा पक्का आहे. धोका किती, ते हवेत काजळी किती होती आणि माणूस तिथे किती वर्षं होता यावर ठरतं. हे दोन आकडे हाती आले की बाकीचं गणित मोबाइलवर होतं. अडतं ते हे दोन आकडे मिळवतानाच.

आधी मोजायचं काय ते बघू. डिझेलच्या धुरात शेकडो पदार्थ असतात, पण कामगारांच्या अभ्यासांत मोजमाप धरलं जातं ते एलिमेंटल कार्बनचं. हा काजळीचा काळा गाभा. पुढे त्याला ईसी म्हणतो. ईसीच का? कारण बिडी-सिगारेटच्या धुरात, तेलाच्या वाफेत आणि स्वयंपाकाच्या धुरात मुख्यतः सेंद्रिय कार्बन असतो, ईसी थोडा. शेजारचा फिटर बिडी ओढत असला तरी ईसीचा आकडा फारसा हलत नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या सगळ्या बारीक कणांचं माप, त्याचं तसं नाही. त्यात बांधकामाची धूळ, समुद्राचं मीठ, जाळलेला कचरा, सगळं येतं. शिवाय ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात आणि डिझेलचे बहुसंख्य कण ०.१ मायक्रॉनहून लहान असतात. ते या मीटरला जवळजवळ दिसतच नाहीत. मीटर वर्कशॉपच्या भिंतीला टांगून ‘बाहेरच्यापेक्षा आत हवा चांगली’ असा निष्कर्ष काढलेला दिसला, तर तो बाजूला ठेवा.

ईसी मोजायची रूढ पद्धत नायॉश या अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची, क्रमांक ५०४०. क्वार्ट्झ तंतूंचा ३७ मिलिमीटरचा फिल्टर कॅसेटमध्ये बसवून कामगाराच्या कॉलरला लावतात, नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत. कमरेला छोटा पंप. मिनिटाला २ लिटर या वेगाने ८ तास पंप चालला की ९६० लिटर हवा फिल्टरमधून जाते. एवढ्या हवेत घनमीटरला कमीत कमी सुमारे २ मायक्रोग्रॅम ईसी असला तरी पकडता येतो. चार तासांतच पंप बंद केला तर ही मर्यादा दुप्पट होते, आणि ‘आढळला नाही’ असा शेरा येतो. त्या शेऱ्याचा अर्थ ‘धूर नव्हता’ असा होत नाही. पंपाचा वेग पाळीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर तो नमुना टाकून द्या. न वापरलेले दोन-तीन कोरे फिल्टरही त्याच प्रयोगशाळेत पाठवा. जिथे दगडी कोळशाची धूळ आहे तिथे कॅसेटच्या आधी मोठे कण अडवणारा इम्पॅक्टर लावावा लागतो, नाहीतर कोळसाच काजळी म्हणून मोजला जातो.

मुंबईत आणखी एक नमुना लागतोच: कामाच्या जागेबाहेर, वारा येतो त्या बाजूला ठेवलेला. शहराच्या हवेतच काजळी असते. रस्त्यावरची वाहनं, कचऱ्याच्या आगी, लाकडाच्या भट्ट्या. बाहेरचा आकडा नसेल तर आतल्या आकड्यातला किती भाग कामाचा, ते सांगता येत नाही.

ऋतूचीही गोष्ट आहे. जूनमध्ये मोजलं तर बाहेरची हवा धुऊन निघालेली असते, पण पाऊस आत येतो म्हणून वर्कशॉपची शटर्स खाली असतात. जानेवारीत शटर्स वर, पण पहाटे हवा साचून बसलेली. आणि पहाटेच गाड्या निघतात. जुन्या बसच्या ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब भरेपर्यंत इंजिन उभ्या जागी चालू ठेवावं लागतं. एका रांगेत वीस गाड्या अशा घुरघुरत असतात तेव्हाचा पाऊण तास अख्ख्या पाळीचा आकडा ठरवू शकतो. म्हणून नमुने दोन्ही ऋतूंत घ्या. आणि सकाळी दहाला ऑफिस उघडल्यावर पंप लावू नका, पाळी सुरू होताना लावा.

एकसारखं काम करणाऱ्यांच्या प्रत्येक गटातून किमान सहा नमुने हवेत. समजा ते असे आले: ६, ८, ९, १२, २० आणि ६५ मायक्रोग्रॅम. पासष्टचा आकडा बघून कोणीतरी म्हणतं, त्या दिवशी बंद शेडमध्ये दोन इंजिनांना रेस दिली होती, तो दिवस वेगळा होता, काढून टाका. काढू नका. असे दिवस महिन्यातून दोनदा येत असतील तर तेही नोकरीचाच भाग आहेत. आणि सरासरी साधी घ्या: इथे २०. अहवालांत बऱ्याचदा भूमितीय सरासरी छापतात. ती इथे १४ च्या आसपास येते. तुलनेला ती ठीक आहे, पण फुफ्फुसात गेलेली एकूण काजळी मोजताना साधी सरासरीच बरोबर. या एका शब्दाने डोस तीसेक टक्के कमी दिसतो आणि अहवाल वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे झालं आजच्या हवेचं. पण फुफ्फुसाचा कॅन्सर आजच्या हवेतून येत नाही. तो दहा, पंधरा, वीस वर्षांपूर्वीच्या हवेतून येतो. त्या वर्षांचे फिल्टर कोणाकडे आहेत? म्हणून खरं काम नोकरीचा इतिहास लिहिण्याचं आहे. ते डॉक्टरच्या केसपेपरवरच्या ‘व्यवसाय: मेकॅनिक’ या दोन शब्दांत होत नाही.

हुद्दा फसवतो. ‘हेल्पर’ म्हणून लागलेला माणूस पहिली चार वर्षं फक्त गाड्या धुतो, किंवा पहिल्या दिवसापासून पिटमध्ये सायलेन्सरच्या खाली उभा असतो. कागदावर दोघं सारखेच. कंत्राटी माणसाचा तर हुद्दाही नसतो. तेव्हा विचारायचं ते काम. किती साली कुठे लागलात? छप्पर होतं का, भिंती किती बाजूंनी? तुम्ही खाली असताना वर इंजिन चालू असायचं का, दिवसातून साधारण किती वेळ? नोझल किंवा पंपाचं काम करून झाल्यावर गाडीला रेस देऊन बघायचे का, आणि ती आत की बाहेर? सायलेन्सरला लावून धूर बाहेर नेणारी होज होती का? होती तर वापरायचे, की कोपऱ्यात पडलेली असायची? जनरेटर कुठे होता? किती तास, आठवड्यातले किती दिवस? ताफा कोणता, आणि तो कधी बदलला? शेवटचा प्रश्न मुंबईत फार महत्त्वाचा. इथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, मग बसही हळूहळू सीएनजीवर आणि विजेवर गेल्या. एकाच शेडमधली १९९८ आणि २०१८ ही दोन वेगळ्या हवेची वर्षं आहेत.

नाकातून, खाकऱ्यातून काळं येतं हे बहुतेक जण आपणहून सांगतात. लिहून घ्या, पण त्याला आकडा लावू नका. ते त्या दिवशी धूर होता एवढंच सांगतं. वर्षं विचारताना सालं आठवत नसतील तर लग्न, मुलाचा जन्म, २६ जुलैचा पूर अशा खुणांना धरून विचारा. ‘पुरात मी कुठे कामाला होतो’ हे मुंबईत कोणी विसरलेलं नाही.

जुन्या कामाला आकडा कुठून द्यायचा? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरची मोजमापं एकत्र केली आहेत, आणि ढोबळ पायऱ्या त्यातूनच मिळतात. बंदिस्त भूमिगत जागेत, म्हणजे खाणीत, खाणीच्या देखभालीत आणि बांधकामात, घनमीटरला २७ ते ६५८ मायक्रोग्रॅम ईसी. जमिनीवरच्या बंद किंवा अर्धवट बंद जागेत, म्हणजे वर्कशॉपमधला मेकॅनिक किंवा मालाच्या धक्क्यावरचा माणूस, ५० च्या खाली. ड्रायव्हर, रेल्वेचे गाडीवरचे कर्मचारी, उघड्यावरचं काम, यांचे आकडे २५ च्या खाली. ही मोजमापं मुख्यतः युरोप-अमेरिकेतली आहेत. त्यांच्यातला नेमका आकडा निवडताना आपला अंदाज चालवावा लागतो. म्हणून निवडलेल्या आकड्याशेजारी तो का निवडला हेही एका ओळीत लिहा. तीन बाजू बंद, होज नाही, रोज दोन तास इंजिन चालू: २०. पत्र्याचं उघडं शेड: १०. दुसऱ्या कोणाला पटलं नाही तर तो ती ओळ बघून बदल करील.

आता हिशेब. २०१४ मध्ये तीन मोठ्या अमेरिकी अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक उतार काढला गेला: दोन ट्रक व्यवसायातल्या कामगारांचे, एक खाणकामगारांचा. प्रत्येक मायक्रोग्रॅम-वर्षामागे धोक्याचा लॉगॅरिदम ०.०००९८ ने वाढतो. मायक्रोग्रॅम-वर्ष म्हणजे हवेतला ईसी गुणिले नोकरीची वर्षं. वापरायचं असं: एकूण मायक्रोग्रॅम-वर्षांना ०.०००९८ ने गुणा आणि २.७१८ ला तो घात द्या. येतो तो सापेक्ष धोका, म्हणजे हा धूर न लागलेल्या माणसाच्या किती पट. धोका दुप्पट व्हायला साधारण ७०७ मायक्रोग्रॅम-वर्षं लागतात.

एक नमुना मांडतो. माणूस १९९५ ते २००३ अशी ८ वर्षं बंद गॅरेजात, अंदाजे २० मायक्रोग्रॅम. मग २००३ ते २०१९ अशी १६ वर्षं मोठ्या डेपोत, १० मायक्रोग्रॅम. साधा गुणाकार: १६० अधिक १६०, म्हणजे ३२०. घात दिला की सापेक्ष धोका १.३७.

पण गॅरेजातलं वर्ष कसलं होतं? १२ तासांची पाळी, महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ३७४४ तास. नोकरीचं वर्ष रूढ हिशेबात २४० दिवस गुणिले ८, म्हणजे १९२० तास धरतात. गुणक आला १.९५. डेपोत ३०० दिवस आठ तास धरले तर १.२५. मग एकूण होतात ५१२ मायक्रोग्रॅम-वर्षं आणि सापेक्ष धोका १.६५. माणूस तोच, हवा तीच, फक्त ओव्हरटाइम मोजला. मूळ अभ्यासांतले ट्रकवालेही काही आठच तास राबत नव्हते, त्यामुळे हा गुणक वरच्या बाजूचा समजा आणि दोन्ही उत्तरं लिहा. पण आपल्याकडची पाळी युरोपच्या पाळीसारखी धरून एकच उत्तर देणं हा त्या माणसाच्या तासांवर अन्याय आहे.

दुसरी अट मधल्या काळाची. अलीकडच्या वर्षांतली काजळी आज दिसणाऱ्या कॅन्सरला कारण धरत नाहीत. त्या तीन अभ्यासांत ही मुदत कुठे ५ वर्षं, तर कुठे १५ वर्षं धरली आहे. २०२५ साली मांडलं तर ५ वर्षांच्या मुदतीत सगळे ५१२ मोजले जातात. १५ वर्षांच्या मुदतीत २०१० नंतरचं गळतं, उरतात सुमारे ४००, आणि धोका १.४८. शिवाय ०.०००९८ हा मधला आकडा आहे. त्याची ९५ टक्क्यांची पट्टी, म्हणजे खरा आकडा जिच्यात असावा असं संख्याशास्त्र सांगतं ती, ०.०००५५ ते ०.००१४१ अशी आहे. ५१२ ला ती लावली तर धोका १.३ ते २.१ पट. अहवालात एकच आकडा न लिहिता ही पट्टी लिहावी. पट्टीचं खालचं टोकही १ च्या वर राहतं, हे त्यातलं महत्त्वाचं.

‘पट’ हा शब्द घाबरवतो, म्हणून मूळ धोका किती तेही सांगावं. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे भारतात ७४ वर्षांपर्यंत दर ६८ पुरुषांमागे एकाला फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, म्हणजे दहा हजारांत साधारण १४७. त्याला १.६५ ने गुणलं की २४३. वरचे ९६ डिझेलच्या खात्यावर. २०१४ च्या त्या अभ्यासात ४५ वर्षं २५ मायक्रोग्रॅममध्ये काम केल्यास दहा हजारांमागे ६८९ जादा मृत्यू असा आकडा आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा उचलतात. ते चूक आहे, कारण त्याखाली अमेरिकेचा मूळ मृत्युदर आहे आणि तो आपल्याहून बराच जास्त. उतार उसना घ्या, पाया आपला ठेवा.

बिडीचं काय? हा प्रश्न नेहमी येतो, आणि बऱ्याचदा विषय बंद करण्यासाठी येतो. ‘बिडी ओढायचा ना, मग त्यानेच झालं.’ अमेरिकेच्या खाणकामगारांचा अभ्यास याच शंकेसाठी काळजीपूर्वक बेतलेला होता. आठ खाणी, १२,३१५ कामगार. खाणीही धातूच्या नाहीत: पोटॅश, मीठ, चुनखडी अशा, जिथे सिलिका, रेडॉन, अ‍ॅस्बेस्टॉस यांची भानगड कमी. त्यात कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये, सर्वांत कमी धूर लागलेल्यांच्या तुलनेत ३०४ मायक्रोग्रॅम-वर्षांच्या वर गेलेल्यांचा धोका सुमारे ७ पट दिसला. न ओढणाऱ्यांची संख्या लहान असल्याने त्या ७ ची पट्टी रुंद आहे, पण दिशा स्पष्ट आहे. बिडी ओढणाऱ्याचा मूळ धोकाच जास्त असतो आणि डिझेल त्यावर चढतं. म्हणून रोजच्या बिड्या आणि वर्षं वेगळ्या रकान्यात लिहा, त्या लपवू नका. एक कारण सापडलं म्हणून दुसरं खोडलं जात नाही.

डिझेलच्याच कामात दडलेली बाकीची कारणंही लिहा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. लायनिंग घासायचं, ड्रम कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून साफ करायचं काम किती वर्षं केलं ते विचारा. वेल्डिंग केलं का, तेही. बोगद्यातल्या माणसाला काजळीबरोबर दगडाची सिलिका मिळते. मुंबईच्या पोटात सध्या मेट्रोचे आणि रस्त्यांचे बोगदे खणले जातायत. खणणारं यंत्र विजेवर चालत असलं तरी माल वाहणारी इंजिनं, डंपर आणि लोडर बऱ्याचदा डिझेलचे असतात. युरोपने ईसीला घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, ती इतर कामांना फेब्रुवारी २०२३ पासून आणि बोगदे-खाणींना फेब्रुवारी २०२६ पासून. नेदरलँड्सने तर १० ठेवली. आपल्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या मर्यादांच्या यादीत डिझेलची काजळी नव्हती. पण ५० च्या खाली आलं म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. ५० मध्ये २० वर्षं काढली तर होतात १००० मायक्रोग्रॅम-वर्षं. वरच्याच सूत्राने धोका २.७ पट.

धुराच्या कडक नियमांच्या, म्हणजे बीएस ६ च्या गाड्या एप्रिल २०२० पासून आल्या. त्यांच्या धुराला वरचे आकडे लावू नका. डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं आणि सायलेन्सरच्या मार्गात काजळीचा फिल्टर, डीपीएफ बसला. तो काजळीचं वजन नव्वद टक्क्यांहून जास्त घटवतो. पण डीपीएफ चोंदतो, बदलायला महाग पडतो, आणि काही ठिकाणी तो पोकळ करून गाडी पुन्हा रस्त्यावर सोडतात. अशी गाडी कागदावर बीएस ६ असते आणि धूर जुन्या गाडीसारखा सोडते. ओळखायची सोपी खूण: चांगल्या डीपीएफच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पांढरा कपडा फिरवला तर तो जवळपास स्वच्छ निघतो. हे इंजिन गार असताना करा.

हिशेबातून पुढे काय, तर त्या माणसाच्या तपासणीचा क्रम बदलतो. ४५ च्या पुढचा माणूस, पाचशेच्या आसपास मायक्रोग्रॅम-वर्षं, तीन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा थुंकीतून रक्त. आपल्याकडे आधी टीबीचा संशय येतो, आणि तो योग्यच आहे. थुंकी तपासाच. पण तपासणीत जंतू सापडले नसताना फक्त एक्सरेवर टीबीची औषधं सुरू झाली आणि दोन महिन्यांत डाग कमी झाला नाही, तर सीटी स्कॅन लांबवू नका. कॅन्सरचे महत्त्वाचे महिने इथेच जातात. दरवर्षीचा छातीचा एक्सरे लवकरचा कॅन्सर पकडत नाही. फुंकर मारायची स्पायरोमेट्री तर त्यासाठी नाहीच. कमी किरणांचा सीटी २०११ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटवू शकला, पण ते ५५ ते ७४ वयाचे, भरपूर सिगारेट ओढलेले लोक होते. मुंबईत जुन्या टीबीचे व्रण इतक्या फुफ्फुसांत आहेत की लक्षण नसलेल्या प्रत्येक मेकॅनिकला स्कॅन करत सुटलो तर निष्पाप गाठींच्या बायोप्स्याच वाढतील. ज्याचा बिडीचा आणि काजळीचा, दोन्ही हिशेब मोठा आहे, त्याच्याशी छातीच्या डॉक्टरांनी बसून बोलावं, त्यालाच स्कॅनला पाठवावं.

सीटीला जाताना सोबत तो नोकरीचा कागद द्या. सालं, जागा, काम, तास, निवडलेला ईसीचा आकडा, त्याचं कारण, बिड्या, ब्रेक लायनिंग. एक पान पुरतं. कामगार सुरक्षेच्या कायद्यात तिसऱ्या अनुसूचीतल्या, सरकारकडे नोंदवण्याच्या आजारांत ‘ऑक्युपेशनल कॅन्सर’ हा शब्द आहे, पण केसपेपरवर काम लिहिलेलंच नसेल तर तिथवर कोणी पोचत नाही. युनियनच्या ऑफिसात एक प्रत, माणसाच्या घरी एक, आणि फोनमध्ये फोटो. कंत्राटी कामगाराचा कागद तर तो कामावर असतानाच भरा, दरवर्षी. कंत्राटदार बदलला की मागच्याचं हजेरीपुस्तकही त्याच्याबरोबर जातं.